19 दिवस आणि 25 महिने: नेपाळची गादी नेमकी कशी गेली

28 मे 2008 च्या रात्री काठमांडूत नया बानेश्वरच्या सभागृहात संविधान सभेची मतं मोजली गेली. नेपाळ प्रजासत्ताक करण्याच्या बाजूनं 560, विरोधात 4. पृथ्वीनारायण शाहांनी 1768 मध्ये काठमांडू जिंकलं तिथपासून धरली तर 240 वर्षांची गादी, आणि तिच्या बाजूनं मत द्यायला चार जण उरले होते. सैन्य बराकीतून हललं नाही, राजवाडा कुणी घेरला नाही. राजा ज्ञानेंद्र शाहांना नारायणहिटी राजवाडा सोडायला 15 दिवसांची मुदत मिळाली आणि ती संपण्याआधीच ते बाहेर पडले.

‘जनआंदोलनानं नेपाळचा राजा घालवला’ असं आपण एका दमात म्हणून मोकळे होतो. पण एप्रिल 2006 चं आंदोलन 19 दिवस चाललं आणि विसाव्या दिवशी राजा राजाच होता. राजवाडा त्याचा, सैन्याचं सरसेनापतिपद त्याचं, नोटांवर चित्रही त्याचंच. लोकांनी त्याला झुकवलं, यात वाद नाही. त्याला घालवलं ते पुढच्या 25 महिन्यांनी. त्या महिन्यांत गादीवरून गोळीबार झाला नाही, म्हणून टीव्हीवर त्याचं फारसं काही दिसलं नाही. हे प्रकरण अभ्यासायचं ते मुख्यतः त्या 25 महिन्यांसाठी.

आपल्याकडच्या वाचकाला संस्थानांचं विलीनीकरण आठवेल. कोल्हापूर 1949 मध्ये मुंबई प्रांतात आलं, तनखे 1971 मध्ये बंद झाले. पण तिथं सही घ्यायला दिल्लीत एक बलदंड सरकार बसलेलं होतं. नेपाळ स्वतंत्र देश होता. राजाची सही घेऊ शकेल असं वर कुणीच नव्हतं.

सैन्य कुणाचं?

मुळापासून सुरुवात करायची तर 1951 पर्यंत मागं जावं लागतं. त्या वर्षी राणा घराण्याची शंभर वर्षांची मक्तेदारी संपली आणि राजा त्रिभुवन यांनी वचन दिलं की जनतेनं निवडलेली संविधान सभा देशाची घटना लिहील. हे घोंगडं पुढं 57 वर्षं भिजत पडलं. 1959 मध्ये राजा महेंद्र यांनी संविधान सभा न बोलावता स्वतःच घटना दिली. तिच्याखाली निवडून आलेलं बी. पी. कोइराला यांचं सरकार डिसेंबर 1960 मध्ये त्यांनीच बरखास्त केलं, पंतप्रधानांना तुरुंगात टाकलं आणि पक्षांवर बंदी आणून पंचायत व्यवस्था बसवली. ती तीस वर्षं टिकली.

1990 मध्ये पहिलं जनआंदोलन झालं. राजा वीरेंद्र यांनी पक्षांवरची बंदी उठवली, नवी घटना आली, निवडणुका झाल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, ब्रिटनसारखी घटनात्मक राजेशाही आली. पण त्या घटनेत दोन फटी राहिल्या होत्या. एक, सैन्याचा सर्वोच्च सेनापती राजाच होता. कागदावर सैन्य वापरण्यासाठी पंतप्रधान, संरक्षणमंत्री आणि सेनापती यांची परिषद होती, पण अधिकाऱ्यांची निष्ठा, बढत्या, घराण्यांचे संबंध सगळे राजवाड्याशी बांधलेले. दुसरी फट म्हणजे कलम 127. घटना राबवताना काही अडचण आली तर ती दूर करण्यासाठी राजा आदेश काढू शकेल, असं ते कलम सांगत होतं. अडचण आली की नाही हे ठरवायचं कुणी, यावर कलम गप्प होतं.

पहिल्या फटीची किंमत जुलै 2001 मध्ये कळली. माओवाद्यांचा सशस्त्र लढा फेब्रुवारी 1996 पासून पश्चिमेच्या डोंगराळ जिल्ह्यांत पेटला होता. रोल्पा जिल्ह्यातल्या होलेरी या गावी त्यांनी साठ-सत्तर पोलीस पकडून नेले. पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला यांनी सैन्य पाठवलं. सैन्य गेलं, पण माओवाद्यांशी भिडलं नाही. निवडून आलेल्या पंतप्रधानाच्या शब्दावर सैन्य चालत नाही हे जगजाहीर झालं आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच कोइरालांनी राजीनामा दिला. हे गिरिजाबाबू लक्षात ठेवा. पाच वर्षांनी त्याच सैन्याचं नाव बदलणाऱ्या सरकारचे प्रमुख तेच असणार होते.

तिघांचं भांडण

होलेरीच्या आधी सुमारे सहा आठवडे, 1 जून 2001 ला, नारायणहिटीत राजा वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि घराण्यातली इतर माणसं गोळ्यांनी मारली गेली. चौकशी समितीनं युवराज दीपेंद्र यांच्यावर ठपका ठेवला. ते बेशुद्धावस्थेतच राजा घोषित झाले आणि 4 जूनला वारले. मग वीरेंद्र यांचे धाकटे भाऊ ज्ञानेंद्र गादीवर बसले. नेपाळमधल्या बऱ्याच लोकांचा त्या अहवालावर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. खरं काय घडलं हा इथला विषय नाही. राजकारणाच्या हिशेबानं महत्त्वाचं हे, की राजाला विष्णूचा अवतार मानणाऱ्या देशात नवा राजा संशयाची सावली घेऊन आला. वीरेंद्र यांच्या खात्यावर जवळपास तीस वर्षांची माया जमलेली होती, ज्ञानेंद्र यांचं खातं पहिल्याच दिवशी उणे होतं.

अशा वेळी राजकीय शहाणपण असं, की गप्प बसावं, दौरे करावेत, देवळांत जावं. ज्ञानेंद्र यांनी उलट केलं. मे 2002 मध्ये पंतप्रधान शेरबहादुर देउवा यांच्या शिफारशीवरून प्रतिनिधी सभा, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, विसर्जित झाली होती. निवडणुका वेळेत होईनात. 4 ऑक्टोबरला राजानं कलम 127 बाहेर काढलं आणि देउवांना ‘अक्षम’ ठरवून घरी पाठवलं. मग लोकेंद्रबहादुर चंद, मग सूर्यबहादुर थापा, आणि 2004 मध्ये पुन्हा देउवा! 1 फेब्रुवारी 2005 ला त्याच देउवांना दुसऱ्यांदा काढून ज्ञानेंद्र यांनी कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि शांतता आणायला तीन वर्षं मागितली. त्या सकाळी टीव्हीवर भाषण झालं आणि देशाचे फोन बंद पडले. नेते स्थानबद्ध झाले, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत सैनिक बसले, एफएम रेडिओला बातम्या द्यायला मनाई झाली. मंत्रिमंडळाचे उपाध्यक्ष म्हणून जी नावं आली त्यांत एक तुलसी गिरींचं होतं, 1960 मध्ये महेंद्र यांच्या बाजूला उभे राहिलेले. बापानं केलं ते मुलगा करतोय, हे लोकांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या दिवसापर्यंत नेपाळमध्ये तीन शक्ती होत्या: राजा, संसदेतले पक्ष आणि माओवादी. तिघांचं एकमेकांशी भांडण आणि तिघांनाही उरलेल्या दोघांची भीती. पक्षांना माओवाद्यांच्या बंदुकीची धास्ती म्हणून ते राजाला धरून. माओवाद्यांच्या लेखी पक्ष म्हणजे राजाचे हुजरे. हा त्रिकोण टिकला असता तर राजा आणखी वीस वर्षंही बसला असता, असं मला वाटतं. 1 फेब्रुवारीनं त्रिकोण मोडला. एकाच फटक्यात राजानं पक्षांना रस्त्यावर आणलं आणि माओवाद्यांना त्यांच्याशी बोलायला निमित्त दिलं. दुसरीकडे माओवाद्यांनाही एव्हाना कळून चुकलं होतं की गावं आणि डोंगर त्यांच्या ताब्यात आले तरी काठमांडू बंदुकीनं पडणार नाही.

22 नोव्हेंबर 2005 ला सात पक्षांची आघाडी आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता जाहीर झाला. बोलणी दिल्लीत झाली होती. भारत सरकारनं त्याकडे सोयीस्कर डोळेझाक केली. समझोत्यातला व्यवहार साधा होता. माओवाद्यांनी बहुपक्षीय लोकशाही मान्य करायची, पक्षांनी संविधान सभेची निवडणूक मान्य करायची. राजेशाही राहील की जाईल, यावर कागदात सरळ काही नव्हतं. ‘निरंकुश राजेशाही’ एवढाच शब्द होता. ज्यांना घटनात्मक राजा हवा होता तेही त्यावर सही करू शकत होते, ज्यांना तो नको होता तेही.

चक्रपथावरचे दिवस

राजानं फेब्रुवारी 2006 मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका घेऊन पाहिल्या. पक्षांनी बहिष्कार टाकला, बऱ्याच जागांना उमेदवारच मिळेनात आणि मतदान वीस टक्क्यांच्या आसपास झालं. हात दाखवून अवलक्षण.

सात पक्षांनी 6 एप्रिलपासून चार दिवसांचा बंद पुकारला. चारच दिवस, कारण त्याहून जास्त लोक येतील याची नेत्यांनाच खात्री नव्हती. माओवाद्यांनी काठमांडू खोऱ्यात शस्त्रं म्यान केली. सरकारनं संचारबंदी लावली, दिसताक्षणी गोळी घालण्याचे हुकूम दिले.

काठमांडू शहराला चक्रपथ नावाचा रिंग रोड आहे, सुमारे 27 किलोमीटरचा. संचारबंदी मुख्यतः या वर्तुळाच्या आत आणि लगतच्या पट्ट्यात होती. मग लोक वर्तुळाच्या बाहेरून जमू लागले. पश्चिमेला कलंकी, उत्तरेला गोंगबू, पूर्वेला चाबहिल. एकेका चौकात सकाळी शेकडा, दुपारी हजार. टायर जळत, विटा उडत, पोलीस अश्रुधूर सोडत, गर्दी गल्ल्यांत शिरे आणि धूर विरला की परत चौकात. ‘ज्ञाने चोर, देश छोड’ ही घोषणा याच चौकांतली. ज्याच्या नावापुढं पाच वेळा ‘श्री’ लावायची सक्तीची रीत, त्याला एकेरीत ‘ज्ञाने’! पाच वर्षांपूर्वी असं म्हणणारा माणूस घरातल्या म्हाताऱ्यांच्या हातचा मार खाऊन गप्प बसला असता.

चौथ्या दिवशी बंद संपायचा होता तो संपला नाही. बेमुदत झाला. खोऱ्याबाहेर पोखरा, भरतपूर इथंही गोळ्या चालल्या. मोर्च्यात पहिल्या दिवशी विद्यार्थी आणि कार्यकर्ते होते, आठवडाभरात वकील, डॉक्टर, बँकांचे कर्मचारी आले, आणि मग खुद्द गृह मंत्रालयातल्या कर्मचाऱ्यांना निदर्शनं केली म्हणून अटक झाली. मला हा या आंदोलनाचा खरा कलाटणीचा क्षण वाटतो. संचारबंदीचे आदेश ज्या मंत्रालयातून निघतात, तिथलाच माणूस खाली उतरून घोषणा देतो, तेव्हा आदेशाचा कागद होतो. ट्रक बंद असल्यानं शहरात भाजी आणि रॉकेल महाग होत गेलं, तरी राग बंद पुकारणाऱ्यांवर न निघता राजवाड्यावर निघाला.

20 एप्रिलला कलंकीत मोठ्या गर्दीवर गोळीबार झाला, तीन माणसं गेली. दुसऱ्या दिवशी राजानं टीव्हीवर येऊन सांगितलं की कार्यकारी सत्ता जनतेला परत देत आहे, सात पक्षांनी पंतप्रधानाचं नाव सुचवावं. भारताचे दूत म्हणून डॉ. करण सिंह नुकतेच काठमांडूत येऊन राजाला भेटून गेले होते. दिल्लीनं घाईनं या भाषणाचं स्वागत केलं आणि तोंडघशी पडली, कारण रस्त्यानं ते भाषण तासाभरात फेटाळलं होतं. पंतप्रधानाचं नाव 2002 पासून राजाच विचारत होता, नेमतही होता आणि काढतही होता. लोकांना तो अधिकारच नको होता. परराष्ट्र सचिव श्याम सरन यांना मग सारवासारव करावी लागली. 22 एप्रिलला जमाव वर्तुळ फोडून शहराच्या आत शिरला.

25 एप्रिलला सगळ्या चक्रपथावर वीस लाख माणसं उतरवायची घोषणा झाली होती. तितकी जमली असती की नाही कोण जाणे, पण राजवाड्यानं ते पाहायची वाट पाहिली नाही. 24 च्या रात्री बाराच्या सुमारास राजानं मे 2002 मध्ये विसर्जित झालेली प्रतिनिधी सभा पुन्हा जिवंत केली. 19 दिवसांत वीसच्या आसपास माणसं गेली होती, हजारो जखमी होते.

वाडा उतरवला

माओवाद्यांनी त्या रात्रीच्या घोषणेला आधी दगाबाजी म्हटलं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. 1951 आणि 1990 मध्येही राजानं शेवटच्या घटकेला सवलत दिली होती, नेत्यांनी ती घेतली होती आणि पुढं राजानं ती वसूल केली होती. पण या खेपेला एक फरक होता. राजानं परत दिली ती निवडलेली संसद, आणि ती संसद स्वतःला रस्त्यावरून अधिकार मिळाला आहे असं मानत होती, राजाकडून नव्हे. आजारी, ऐंशी ओलांडलेले गिरिजाप्रसाद कोइराला पंतप्रधान झाले.

18 मे 2006 ला प्रतिनिधी सभेनं एक जाहीरनामा संमत केला. जुना वाडा एका दणक्यात पाडत नाहीत, उतरवतात: आधी कौलं, मग वासे, मग तुळया. त्या दिवशी नेमकं तेच सुरू झालं. ‘श्री 5 को सरकार’चं ‘नेपाल सरकार’ झालं. शाही नेपाळी सेना नुसती नेपाळी सेना झाली. तिचा सेनापती मंत्रिमंडळ नेमणार, तिच्या तैनातीचा निर्णय मंत्रिमंडळ घेणार. राजपरिषद बंद. गादीचा वारस कोण हे ठरवणारा कायदा संसदेच्या हाती. राजाच्या मालमत्तेवर आणि उत्पन्नावर कर. राजाच्या कृतीला संसदेत आणि न्यायालयात आव्हान देता येणार. आणि जगातलं एकमेव हिंदू राष्ट्र धर्मनिरपेक्ष जाहीर.

घटनापंडितांनी नाकं मुरडली. 1990 ची घटना लागू असताना साध्या ठरावानं तिची कलमं बदलता येतात का? काटेकोरपणे पाहिलं तर येत नाहीत. पण राजानंही कलम 127 ताणून ताणून फाडलं होतं, त्यामुळे हा युक्तिवाद करायला त्याच्या बाजूनं तोंड नव्हतं. आणि सैन्य? होलेरीत न हललेलं सैन्य इथंही हललं नाही, यावेळी राजासाठी. भारत, अमेरिका, ब्रिटन यांनी 2005 पासून शस्त्रपुरवठा रोखला होता, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतली कामं ही नेपाळी सैन्याच्या मिळकतीची आणि प्रतिष्ठेची मोठी बाब होती, आणि सेनापतींना आपली संस्था वाचवायची होती. बदल्यात नव्या सरकारनं सैन्याच्या रचनेला धक्का लावला नाही. हा अलिखित सौदा होता, आणि पुढं माओवाद्यांच्या गळ्यात हाच अडकला.

त्यानंतरचे बदल एकेक करून, कधी गंमत वाटावी इतक्या शांतपणे आले. नोटांवरून राजाचं चित्र जाऊन एव्हरेस्ट आलं. पण नोटांचा कागद आधीच छापून ठेवलेला, त्याच्या जलचिन्हात राजा होताच. नेपाळ राष्ट्र बँकेनं त्या जागेवर गुरांसाचं लाल फूल छापलं. नोट उजेडात धरली की फुलामागून महाराज डोकावत. सप्टेंबर 2007 च्या इंद्रजात्रेत कुमारीकडून, म्हणजे जिवंत देवी मानल्या जाणाऱ्या मुलीकडून, टिळा लावून घ्यायला राजाऐवजी पंतप्रधान कोइराला गेले. खोऱ्यातल्या नेवार लोकांच्या दृष्टीनं हा टिळा म्हणजे राज्य करायची वर्षभराची परवानगी. त्याच वर्षी राजाचा भत्ता थांबला, राजवाडे सरकारजमा झाले.

दरम्यान 21 नोव्हेंबर 2006 ला शांतता करार झाला आणि सुमारे 17,000 बळी घेणारं दहा वर्षांचं युद्ध थांबलं. माओवादी लढवय्ये छावण्यांत गेले, हत्यारं संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली कंटेनरमध्ये कुलूपबंद झाली, किल्ल्या मात्र माओवाद्यांकडेच राहिल्या. जानेवारी 2007 मध्ये अंतरिम घटना आली आणि राष्ट्रप्रमुखाची कामं पंतप्रधान करू लागले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गिरिजाबाबूंना राजेशाही पूर्ण घालवायची घाई नव्हती. ज्ञानेंद्र आणि युवराज पारस यांनी बाजूला व्हावं, चिमुकल्या नातवाला, हृदयेंद्रला, गादीवर बसवावं, असं ते उघड सुचवत होते. राजवाड्यानं प्रतिसाद दिला नाही. हा पर्याय 2006 च्या उन्हाळ्यात स्वीकारला असता तर नेपाळमध्ये आज नावापुरता का होईना राजा असता, अशी दाट शक्यता आहे. मग निवडणूक दोनदा पुढं ढकलली गेली, माओवादी सरकारमधून बाहेर पडले, आणि त्यांना परत आणण्यासाठी डिसेंबर 2007 मध्ये अंतरिम घटनेत तिसरी दुरुस्ती झाली: नेपाळ प्रजासत्ताक असेल, फक्त अंमल संविधान सभेच्या पहिल्या बैठकीपासून. म्हणजे 28 मेचं मतदान व्हायच्या पाच महिने आधी निर्णय झालेला होता, तोही दिवसाउजेडी भर सभागृहात नव्हे, पक्षनेत्यांच्या बंद खोलीत.

10 एप्रिल 2008 ची निवडणूक झाली. 601 जणांच्या सभेत माओवादी 220 जागा घेऊन पहिले आले, नेपाळी काँग्रेस 110 वर अडकली. 28 मे ला सदस्य दिवसभर ताटकळले. बाहेर लोक झेंडे घेऊन नाचत होते, आत नेते राष्ट्रपतीला अधिकार किती आणि नामनिर्देशित 26 जागा कुणाला, यावर घासाघीस करत होते. राजेशाहीवर वाद नव्हताच. रात्री उशिरा मतदान झालं ते त्या घासाघिशीमुळे.

11 जूनला ज्ञानेंद्र यांनी राजवाड्यात पत्रकार बोलावले, देशातच राहणार असं सांगितलं, हत्याकांडात आपला हात नसल्याचं पुन्हा सांगितलं, मुकुट आणि राजदंड सरकारकडे सोपवला आणि नागार्जुनच्या जंगलातल्या घरी गेले. सावत्र आई रत्ना यांना नारायणहिटीच्या आवारातच राहू देण्यात आलं. पुढच्या फेब्रुवारीत राजवाड्याचं संग्रहालय झालं.

राज्यकारभार किती बदलला?

खूप बदलला, आणि जिथं बदलायला हवा होता तिथं कमी. आधी बदललेलं.

जुन्या प्रतिनिधी सभेत बायका जेमतेम सहा टक्के होत्या, संविधान सभेत जवळजवळ एक तृतीयांश. दलित, जनजाती आणि मधेशी, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या तराई मैदानातले लोक, यांच्यासाठी याद्यांमध्ये राखीव वाटा आला. तराईतल्या मधेशींना तो आंदोलनाशिवाय मिळाला नाही. अंतरिम घटनेत संघराज्याचा उल्लेखच नाही हे पाहून जानेवारी 2007 मध्ये लहान नावाच्या गावापासून तराई पेटली, तेव्हा कुठं पहिल्या दुरुस्तीत ‘संघीय’ शब्द घुसला. राजाविरुद्ध एकत्र आलेले लोक राजा गेल्यावर एकमेकांकडे हिशेब मागतात, आणि तो मागायलाच हवा.

2015 च्या घटनेनं सात प्रांत आणि 753 स्थानिक पालिका केल्या. माझ्या मते हाच या सगळ्या उलथापालथीचा सर्वांत टिकाऊ भाग. 1997 नंतर गावपातळीवर निवडणूकच झालेली नव्हती. 2017 मध्ये ती झाली. पूर्वी काठमांडूहून पाठवलेला कारकून गावाचा कारभार हाकायचा. आता शाळा, आरोग्य केंद्र, स्थानिक रस्ता हे घटनेच्या आठव्या अनुसूचीनुसार गाउँपालिकेच्या अखत्यारीत आहे. रत्नागिरी-देवगडच्या हापूस बागांत राखणीला किंवा पुण्या-मुंबईत कामाला आलेल्या नेपाळी माणसाला आपल्या गावच्या अध्यक्षाचं नाव ठाऊक असतं, आणि त्याच्याविषयी तक्रारीही भरपूर असतात.

न बदललेलं म्हणजे बंद खोली. बारा कलमी समझोता, तिसरी दुरुस्ती, 28 मेची घासाघीस: राजा घालवायला जी पद्धत लागली, तिचीच पुढाऱ्यांना सवय लागली. पहिली संविधान सभा चार वर्षं मुदतवाढ घेत घेत मे 2012 मध्ये घटना न लिहिताच संपली. मग चक्क सरन्यायाधीश खिलराज रेग्मी यांना सरकारचं प्रमुख करून दुसरी सभा निवडावी लागली. 2015 च्या भूकंपानंतर मोठ्या पक्षांनी घाईनं घटना उरकली, तराईत पुन्हा आग लागली आणि सीमेवर नाकाबंदी झाली. सैन्याचा अलिखित सौदाही फिटला नव्हता. 2009 मध्ये सेनापती रुक्मांगद कटवाल यांना काढायला निघालेले माओवादी पंतप्रधान पुष्पकमल दहाल ‘प्रचंड’ स्वतःच राजीनामा देऊन गेले, कारण राष्ट्रपतींनी सेनापतीला पदावर राहायला सांगितलं. माओवादी लढवय्यांपैकी जेमतेम चौदाशे सैन्यात सामावले गेले. 2015 च्या घटनेनंतर पंतप्रधानपद के. पी. शर्मा ओली, देउवा, प्रचंड यांच्यात फिरत राहिलं. 2008 पासून डझनभराहून जास्त सरकारं झाली, एकाही पंतप्रधानानं पाच वर्षं काढली नाहीत. ओलींनी डिसेंबर 2020 आणि मे 2021 मध्ये प्रतिनिधी सभा विसर्जित केली, दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयानं ती परत आणली. राजाच्या वेळी हेच काम करायला चक्रपथ लागला होता. एवढी सुधारणा मान्य करायला हवी.

या वैतागावर राजनिष्ठांनी जीव धरला. मार्च 2025 मध्ये ज्ञानेंद्र पोखऱ्याहून काठमांडूला परतले तेव्हा विमानतळावर मोठी गर्दी होती. महिनाअखेरीस तीनकुनेच्या मोर्च्यात हिंसाचार होऊन दोघं गेले. पण सप्टेंबरात खरोखर रस्ता पेटला तेव्हा तो पेटवला ‘जेन झी’ तरुणांनी, समाजमाध्यमांवरची बंदी आणि पुढाऱ्यांच्या पोरांचा थाट यांवरून. 8 सप्टेंबरला मुख्यतः संसदेसमोर, त्याच नया बानेश्वरमध्ये, पोलिसांनी गोळीबार केला आणि पहिल्याच दिवशी देशभरात 19 जण गेले. दुसऱ्या दिवशी ओलींनी राजीनामा दिला, सिंहदरबार हे सरकारचं मुख्यालय आणि संसद जळाली. बोलणी सैन्याच्या मुख्यालयात झाली. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की 12 सप्टेंबरला पंतप्रधान झाल्या. घटनेनुसार पंतप्रधान प्रतिनिधी सभेतूनच निवडायचा असतो, आणि कार्की तिच्या सदस्य नव्हत्या. म्हणून राष्ट्रपती रामचंद्र पौडेल यांनी कलम 61 मधल्या घटनेचं पालन आणि संरक्षण करण्याच्या जबाबदारीचा आधार घेतला. 1990 च्या घटनेतलं ‘अडचण’वालं कलम राजाच्या हातून काढून घेतलं होतं, पण अडचण आली तेव्हा कुणाला तरी कुठल्या तरी कलमाचा ताणून अर्थ लावावाच लागला. त्याच रात्री प्रतिनिधी सभा विसर्जित झाली आणि निवडणुकीसाठी 5 मार्च 2026 ही तारीख ठरली. गादी परत आणायची का, हा प्रश्न त्या निर्णयांत कुठंही नव्हता.